रुगर रँग्लर .२२ : दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीनंतर थेट ही

रुगर रँग्लर म्हणजे रुगर कंपनीचं रिव्हॉल्व्हर, आणि .२२ हे त्याच्या गोळीचं माप. आधीच सांगून टाकते, मी काही बंदूकवाली बाई नाही. कोल्हापूरची आहे, आता डॅलसच्या बाजूला राहते, वय ४७, उजव्या मनगटाला माउस धरून धरून दुखणं लागलेलं. नेमबाजीचा अनुभव म्हणाल तर जत्रेत फुगे फोडायच्या एअरगनचा आणि दिवाळीत टिकल्यांच्या बंदुकीचा, बास. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आमच्याकडच्या म्हणून गावातल्या सगळ्यांनाच नेमबाजी येते असं इथल्या मराठी मंडळींना वाटतं, पण कोल्हापुरातल्या प्रत्येकाला तांबडा-पांढरा जमतो का? तसंच आहे ते. तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ मिळालं, मी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये फोनवर ते बघत बसले होते, आणि डोक्यात आलं की अकरा वर्षं टेक्ससमध्ये राहून आपण एकदाही नेमबाजीच्या रेंजवर गेलो नाही. तिथून सुरुवात.

आता पुढचं वाचायच्या आधी एक गोष्ट, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहितीच नसतं. एच-वन-बी वर असाल, एल-वन वर असाल, स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, आणि बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नाही, रेंजवर भाड्याची हातात घेतली तरी ते बाळगणंच धरतात. शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारून करा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून नको, इतकी वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून कोण असल्या गोष्टीसाठी फाइल खराब करणार. आमचं ग्रीन कार्ड आलं म्हणून मी गेले. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर टाकायचा, मग दुकानदार बॅकग्राउंड चेक करतो, आणि दुकानातून हँडगन घ्यायची तर वय २१ पूर्ण पाहिजे. माझं पंधरा-वीस मिनिटांत झालं, त्यापेक्षा जास्त वेळ मला फॉर्ममधले प्रश्न दोनदोनदा वाचण्यात गेला.

बरं, रिव्हॉल्व्हरच का? पिस्तूल का नाही? तर पहिल्यांदा रेंजवर मला ९ एमएमचं भाड्याचं पिस्तूल दिलं होतं, आणि दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे त्याची वरची स्लाइड मागे खेचायची असते ती मला खेचताच येईना, कुकरचं झाकण अडकल्यावर कसं होतं तसं दोन्ही हातांनी झटापट चाललेली आणि मागे रांगेतला माणूस सभ्यपणे दुसरीकडे बघत होता. आणि दुसरं म्हणजे मी मोठ्या गळ्याची कुर्ती घालून गेले होते. पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि ती तव्यावरून काढल्यासारखी गरम असते. तिसरी की चौथी पुंगळी बाजूच्या पार्टिशनला आपटून सरळ माझ्या गळ्यातून आत. हातात भरलेलं पिस्तूल आणि आत निखारा, मी नाचायच्या बेतात होते, पण नशिबानं तिथली बाई ओरडली की पिस्तूल समोर धर, खाली ठेव, मग काय करायचं ते कर. खूण अजून आहे. त्यामुळे बायांनो, रेंजवर जाताना बंद गळ्याचं काहीतरी घाला, हा सल्ला कुठल्याही बंदुकीच्या सल्ल्यापेक्षा महत्त्वाचा.

रिव्हॉल्व्हरमध्ये ही दोन्ही लफडी नाहीत. स्लाइड नाही, पुंगळ्या उडत नाहीत, त्या सिलिंडरमध्येच बसून राहतात आणि तुम्ही सावकाश काढता. भरलंय का रिकामं हे डोळ्यांनी दिसतं. म्हणून मी ठरवलं रिव्हॉल्व्हरच घ्यायचं, पण कुठलं, तिथे खरी गंमत.

पहिल्या दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न विचारता एक चिटुकलं रिव्हॉल्व्हर काढून पुढ्यात ठेवलं. दोन इंची नळी, पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल, ॲल्युमिनियमची फ्रेम, मूठ गुलाबी. लेडीजसाठी परफेक्ट म्हणे, हलकं आहे, पर्समध्ये मावतं. हातात घेतलं तर खरंच हलकं, पंधरा औंस म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि मला वाटलं वा, हेच घेऊ. नशीब की त्या दिवशी क्रेडिट कार्ड काढलं नाही.

कारण पुढच्या आठवड्यात रेंजवर तसलंच एक भाड्यानं घेऊन पाच गोळ्या झाडल्या. पाचच. सहावी झाडायची इच्छा राहिली नाही. हलकं म्हणजे सोपं हे गणितच उलटं आहे हो. गोळी पुढे जाते तेवढ्या जोरानं बंदूक मागे येते, आणि बंदूक जितकी हलकी तितका तो सगळा धक्का तुमच्या तळहातावर. अंगठ्याच्या खाली जो मांसल भाग असतो ना तिथे कुणीतरी लाटणं मारल्यासारखं वाटलं. त्यात घोडा, म्हणजे गोळीवर मार देणारी मागची हातोडी, आत लपवलेला, म्हणजे प्रत्येक वेळी ट्रिगर दाबूनच सगळी यंत्रणा फिरवायची, दहा-बारा पाउंडाचा जोर लागतो, बोट थरथरतं, नळी छोटी म्हणून नेम धरायला जागा नाही. सात यार्डावरून पाचपैकी दोन कागदाला लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या देवाला ठाऊक. ही चिटुकली रिव्हॉल्व्हर्स जमलेल्या लोकांची आहेत, शिकणाऱ्यांची नाहीत, पण दुकानात नवीन बाई दिसली की हमखास तीच पुढे येतात.

भारतातही हाच विचार दिसतो. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यातून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आलं होतं आठवतंय का, खास बायकांसाठी म्हणून, .३२ चं, वजन ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार. जाहिरातीतला मोठा मुद्दा काय तर हलकं आहे. लायसन्स मिळवायचे हेलपाटे वेगळेच. असो, विषय भरकटला.

तर रेंजवरची ती ओरडणारी बाई, साठीतली, पांढरी वेणी, तिनेच मला वाटेवर आणलं. म्हणाली, तुला स्वतःच्या संरक्षणासाठी पाहिजे का शिकायचंय? म्हटलं शिकायचंय, कागदाला भोकं पाडायचीत. मग म्हणे .२२ घे, जड घे, आणि हाताने घोडा ओढावा लागेल असं घे. तिच्या कपाटातून तिने रुगर रँग्लर काढून दिली आणि मी त्या दिवशी शंभर गोळ्या झाडल्या, हात दुखला नाही, कान दुखले नाहीत, दीड तास कसा गेला कळलं नाही. पुढच्या शनिवारी जाऊन तीच घेतली.

आता रँग्लरबद्दल नीट सांगते. ही २०१९ मध्ये आली, तेव्हा कंपनीची छापील किंमत २४९ डॉलर होती, दुकानात त्याहून कमीत मिळते, मला टॅक्स धरून २२० च्या आत पडली. सहा गोळ्यांची, .२२ लाँग रायफल (हे गोळीचं नाव, बंदुकीचं नाही), नळी ४.६२ इंच, वजन ३० औंस म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. दिसायला अगदी काउबॉयच्या कमरेला असते तशी, आणि मुद्दामच, कारण ही रुगरच्या १९५३ सालच्या सिंगल-सिक्स नावाच्या रिव्हॉल्व्हरची स्वस्तातली धाकटी बहीण आहे. स्वस्त कशी केली तर फ्रेम स्टीलऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि वरून पॉलिशच्या जागी सेराकोट नावाचा मॅट रंग, सुरुवातीला काळा, चंदेरी आणि तांबूस अशा तीन छटांत. मी तांबूस घेतली, आमच्या देवघरातल्या तांब्याच्या कलशाला मॅच होते असं नवरा म्हणाला, त्याला मॅचिंग या विषयात एवढंच कळतं.

रँग्लर सिंगल ॲक्शन आहे, ते म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टिकल्यांची बंदूक आठवा. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, कट् करून अडकतो, मग चाप दाबायचा, ठो. बस तेच. प्रत्येक गोळीला घोडा परत ओढायचा. चाप नुसता दाबून काही होत नाही. आता अनुभवी लोक म्हणतील हे किती स्लो आहे, हो आहेच स्लो, आणि तोच तर फायदा आहे, नवशिक्याला घाई करताच येत नाही. घोडा ओढल्यावर चापाला चार-पाच पाउंडाचाच जोर लागतो, म्हणजे त्या गुलाबीच्या निम्म्याहून कमी, आणि तुमचं सगळं लक्ष माशीवर राहतं. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती उभी पात, मला हा शब्द आमच्या शेजारच्या एनसीसीवाल्या दादाकडून माहिती होता, तीस वर्षांनी कामाला आला.

गोळ्या भरायची पद्धत सांगते कारण दुकानात कुणी नीट दाखवत नाही. सिलिंडर बाहेर झुलत नाही हिचा. उजव्या बाजूला एक छोटं झाकण आहे, ते नखाने उघडायचं, उघडलं की सिलिंडर मोकळा होतो आणि दोन्ही दिशांना फिरतो, रहाटासारखा. एकेका भोकात एकेक काडतूस टाकायचं, ते घसरत आत जातं आणि बारीकसा टक् आवाज येतो, फिरवायचं, पुढचं. झाकण उघडं असेपर्यंत घोडा ओढताच येत नाही, अडकून राहतो, त्यामुळे भरताना चुकून काही होण्याची भीती नाही. रिकाम्या पुंगळ्या काढायला नळीखाली दांडा आहे, तो मागे ढकलायचा, एक पुंगळी बाहेर, फिरवा, परत ढकला. सहा वेळा. सुरुवातीला मला वाटलं हे काय जपमाळ ओढल्यासारखं, पण आता त्यातच मजा वाटते. .२२ च्या गोळ्यांना मेणासारखा चिकटपणा असतो, पन्नासेक झाडल्यावर बोटं काळी आणि चिकट, पांढरा टॉप घालू नका.

अजून एक जुनी गोष्ट या काउबॉय रिव्हॉल्व्हर्सची. पूर्वीच्या बनावटीत घोड्याचं टोक सरळ गोळीच्या बुडावर टेकलेलं असायचं, बंदूक हातातून पडली की सुटायची, म्हणून जुने लोक सहाच्या जागी पाचच भरायचे. रुगरने १९७३ पासून ट्रान्स्फर बार घातला, एक छोटी पट्टी, चाप पूर्ण दाबलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा मार पुढे पोचवते, नाहीतर घोडा गोळीवर टोचणाऱ्या पिनेला शिवतच नाही. रँग्लरमध्येही तेच आहे. म्हणून सहाच्या सहा भरू शकता. तरी मी काही ती पाडून बघणार नाही.

खर्चाचं बोलू. .२२ ची गोळी मोठा डबा घेतला तर सात ते दहा सेंटला पडते. .३८ स्पेशल ची चाळीस-पन्नास सेंट. म्हणजे मी शनिवारी दीडशे गोळ्या झाडते त्याचे बारा-पंधरा डॉलर, रेंजचे वेगळे. .३८ असतं तर साठ-सत्तर डॉलर झाले असते आणि मी महिन्यातून एकदा गेले असते, आणि महिन्यातून एकदा जाऊन काही येत नाही. पोळ्या कशा, रोज लाटल्या तर गोल होतात, दिवाळी-दसऱ्याला लाटून नकाशेच होणार.

आता नेमाचं. पहिले दोन महिने माझ्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जायच्या. मला पक्कं वाटलं की बंदुकीत फॉल्ट आहे, कारण हिच्या साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, फिक्स आहेत, मागे खाच, पुढे पात, स्क्रूने वरखाली करता येत नाहीत. पांढऱ्या वेणीवाल्या बाईला म्हटलं ही बंदूक वाकडी आहे. ती काही बोलली नाही, माझ्या हातून बंदूक घेतली, पाठ फिरवली, काहीतरी भरलं आणि परत दिली. मी झाडली, ठो. दुसरी, ठो. तिसऱ्याला घोडा ओढला, नेम धरला, चाप दाबला आणि नुसतं खट्. तिने सिलिंडरच्या त्या भोकात आधीच झाडलेली पुंगळी ठेवली होती. आणि त्या खट् बरोबर माझ्या डोळ्यांदेखत नळीचं टोक दोन इंच खाली गेलं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माझा हात आधीच घाबरून खाली ढकलत होता. म्हणजे वाकडी मी होते. खूप लाजले. पण त्यानंतर दर वेळी मी नवऱ्याला भरायला सांगते, चार खऱ्या दोन रिकाम्या, कुठे काय ते मला न सांगता, आणि आता सात यार्डावरून सहापैकी सहा वाटीएवढ्या जागेत बसतात. आमटीची वाटी, लोणच्याची नाही. सांगायचा मुद्दा, नेम चुकला की आधी हात बघा मग बंदूक. (नवरा पण आता येतो, पण त्याला उभं राहायची स्टाइल जास्त महत्त्वाची वाटते.)

ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगते. साइट्स पुढेमागे एकाच रंगाच्या आहेत, इनडोअर रेंजच्या पिवळट उजेडात चाळिशीच्या डोळ्यांना पुढची पात दिसत नाही, मी त्यावर चक्क केशरी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि मस्त दिसतो. मूठ प्लास्टिकची असली तरी गुळगुळीत नाही, खरखरीत आहे, पण हात मोठे असतील तर करंगळी खाली लोंबते. .२२ मॅग्नमच्या (जास्त जोरदार) गोळ्या हिच्यात चालत नाहीत, ज्यांना दोन्ही पाहिजे त्यांनी २०२३ मध्ये आलेली सुपर रँग्लर बघा, स्टीलची फ्रेम, साडेपाच इंची नळी, साइट्स ॲडजस्ट होतात, दोन सिलिंडर येतात, आली तेव्हा छापील किंमत ३२९ होती. पैसे थोडे जास्त असते तर मी तीच घेतली असती, खोटं कशाला बोलू.

याहून स्वस्त पाहिजे तर हेरिटेज रफ रायडर आहे, जवळपास तशीच दिसते, पन्नासेक डॉलर कमी, घोड्याशेजारी डाव्या बाजूला एक सेफ्टीचा खटका असतो जो काउबॉय बंदुकीवर विचित्र दिसतो पण असू दे. मैत्रिणीकडे आहे, ती खूश आहे, मला तिचा घोडा ओढताना जरा किरकिरा वाटला एवढंच. घोडा न ओढता नुसत्या चापावर झाडायची सवय करायची असेल तर टॉरस ९४२ बघा, आठ गोळ्यांची, सिलिंडर बाहेर झुलतो, पण .२२ च्या डबल ॲक्शनला चाप जड असतो हे धरून चाला, कारण त्या गोळीच्या कडेवर जोरात मार बसावा लागतो. पैशाचा प्रश्नच नसेल तर स्मिथ अँड वेसन ६१७, दहा गोळ्या, स्टेनलेस स्टील, हातात घेतलं की परत ठेववत नाही, आणि किंमत ऐकली की लगेच ठेवता येतं. आणि ज्यांना .३८ च हवं आहे त्यांनी नवीन चिटुकलं घेण्यापेक्षा जुनं मॉडेल १० शोधा, १८९९ पासून बनतंय, अमेरिकेतल्या पोलिसांनी कित्येक दशकं वापरलं, चार इंची, पूर्ण स्टील, वजनदार, त्यातून साध्या गोळ्या झाडल्या तर अगदी मऊ चालतं. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतात, उलटं चालत नाही, हे पण लक्षात असू द्या.

आणि घरात चोर आला तर काय, असं मला प्रत्येक पॉटलकला कुणीतरी विचारतंच. त्यासाठी ही नाही हो. झाडायला सावकाश, भरायला त्याहून सावकाश. ज्याला त्या कामासाठी पाहिजे त्याने वेगळं काहीतरी घ्यावं आणि वेगळं ट्रेनिंग घ्यावं.

वापराबद्दल दोनचार गोष्टी ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. रिव्हॉल्व्हर धरताना डावा अंगठा किंवा बोट सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ न्यायचं नाही, तिथून बाजूला गरम वायू आणि शिशाचे कण उडतात, .२२ मध्ये चटका बसेल, मोठ्या मॅग्नममध्ये बोट जाईल. चाप दाबला आणि खट् झालं, गोळी सुटली नाही, .२२ मध्ये असं अधूनमधून होतं, तर लगेच बघायला तोंडापुढे आणू नका, नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, कधीकधी उशिरा सुटते. आणि ठो च्या जागी फुस्स असा दबका आवाज आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते, तिथल्या माणसाला बोलवा. इनडोअर रेंजवर कानात बोळे आणि वरून इअरमफ दोन्ही. घरी आल्यावर साबण लावून गार पाण्याने हात, मगच चहा, कारण शिसं असतं हाताला. चपला बाहेर काढायची आपली सवय इथे फार कामाला येते.

घरात ठेवायचं म्हणाल तर आमच्याकडे १४ वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे यात तडजोड नाही. बंदूक लॉकरमध्ये, पाटल्या आणि मंगळसूत्राशेजारी, केबल लॉक घालून (दुकानातून हँडगनसोबत कुलूप किंवा तसलं काहीतरी द्यावंच लागतं, कायदाच आहे), गोळ्या दुसऱ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. टेक्ससमध्ये आपल्या निष्काळजीपणामुळे १७ च्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मुलाला एकदा समोर बसवून सगळं दाखवलं, उघडून, रिकामी करून, कुतूहल संपवून टाकलं. तो म्हणाला व्हिडिओ गेममध्ये जास्त भारी असतात. बरंच झालं.

साफसफाई सोपी, झाकण उघडून, पुढचा खटका दाबून पिन ओढली की सिलिंडर हातात येतो, जुना टूथब्रश, सॉल्व्हंट, नळीतून कापडाचा तुकडा, वरून तेलाचा हात. वीस मिनिटं. अर्थात या दसऱ्याला वीस मिनिटांचे दोन तास झाले, कारण आई आली होती कोल्हापूरहून. पहिले चार दिवस बोलली नाही, घरात शस्त्र आणलंस म्हणून, मग किंमत विचारली, डॉलरला रुपयाने गुणलं, परत गप्प. आणि खंडेनवमीला सकाळी मी उठायच्या आत म्हणाली, आता आणलीच आहेस तर पूजा तरी कर. लॉकरमधून काढली, रिकामी आहे हे तिला दोनदा दाखवलं, पाटावर सुरी, कात्री, नवऱ्याचं ड्रिल आणि मध्ये रँग्लर. आईने हळदकुंकू वाहिलं ते काही चिमूटभर नव्हे, आणि झेंडूवर पाणी शिंपडलं. कुंकू त्या भरायच्या झाकणाच्या खोबणीत गेलं, तेलात कालवलं आणि बसलं. सेराकोटला काही झालं नाही, पुसून निघालं, पण त्या खोबणीतून टूथपिकने काढता काढता संध्याकाळ झाली आणि अजूनही झाकण उघडलं की आत एक लाल रेघ दिसते.

नंतर म्हणाली मला पण ने एकदा, मी जत्रेत सगळे फुगे फोडायचे. पण ती व्हिजिटर व्हिसावर, तिला हात लावता येत नाही. मग काचेच्या मागे खुर्चीवर बसली, तिथेही आवाज येतो म्हणून इअरमफ दिले तर ते अंबाड्यावर बसेनात, शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. मी सहा झाडल्या, कागद ओढून जवळ आणला आणि वळून बघितलं तर आईने काचेतून पाच बोटं दाखवली, आणि मग अंगठ्याने खाली डावीकडे खूण केली.